फेरचाचणी

गच्चीवरच्या पवनपंख्याच्या बेअरिंगला ग्रीस भरता भरता मिस्त्रीने आपला फायदा पुन्हा एकदा मनाशी मांडून पाहिला. स्पर्धा सरकारी होती, नव्या रीतीने घरची वीज घरी तयार करणाऱ्यांसाठी. पहिलं बक्षीस आलं तर भरघोस रक्कम. पण ती त्याने सगळ्यात खाली धरली होती. तिच्या वर मंत्र्यांच्या हस्ते सन्मान, फोटोसकट. आणि सगळ्यात वर लेकीचा शब्द: बक्षीस मिळालं तर ती समारंभाला येणार आणि चार दिवस घरी राहणार. आई गेल्यापासून ती या घरात राहायला आली नव्हती. मोटारी वाइंड करण्यात जन्म घालवलेल्या माणसाने पिंप कापून पाती केली, भंगारातल्या मोटारीचं जनित्र केलं, ते या चार दिवसांसाठी. मंत्री आपले वरकड.

नियम मोठा गमतीचा होता. पंख्यावर जोडलेला दिवा आठवडाभर अखंड जळला पाहिजे, आणि तो जळतोय हे पाहायला सरकारचा तपासनीस तिथेच मुक्काम करणार. दिवा विझलाच, तर लगेच फेरचाचणी, पुन्हा सबंध आठवडा. पण मग नाव पुढच्या वर्षीच्या यादीत. घाई कुणाला होती? सरकारला तरी नव्हती.

तपासनीस आला तो बॅग, स्वतःची उशी आणि तक्रारी घेऊन. निवृत्तीनंतर कंत्राटावर परत घेतलेला, रोजच्या भत्त्यावर खूश असलेला माणूस. पहिल्या दिवशी चहा पांचट झाला होता, दुसऱ्या दिवशी गोडमिट्ट. मिस्त्रीने कपाटातून दुसरा कप काढला, घासला आणि साखरेचा अंदाज नव्याने शिकला. जेवणं झाली की दोघे त्या दिव्याखाली पत्ते मांडून बसत. हरायची वेळ आली की तपासनीस पत्ते गोळा करून पुन्हा पिसायला लागे.

"साहेब, हा पण सरकारी नियम का?"

"नियम मी बघतो. तुम्ही पानं वाटा."

सातव्या दिवशी संध्याकाळी आठवडा पुरा होणार होता. दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, दिवा चालू आहे ना?"

"चालू आहे. संध्याकाळी सुटलो."

"मस्तच! बाबा, ऐका ना... त्याच सुमाराला आमच्याकडे ऑडिट लागलंय. सुट्टी नाहीच मिळायची. पण मोबाइलवर दाखवतात की समारंभ. मी अख्खा बघेन."

"हो, हो. काम आधी."

"रागावलात?"

"छे गं. मंत्री येताहेत ना, झालं."

फोन ठेवून तो आत आला. तपासनीस बॅग भरत होता. उशी सुतळीने बांधून दाराशी ठेवली होती. दोन्ही कप धुऊन पालथे घातले होते.

"मिस्त्री, माझ्या अंगावर डाव किती झाले हो?"

"राहू द्या आता. इथून घरीच ना?"

"घरी म्हणजे, खोलीवर. तिथला दिवा बटणावर लागतो. त्याच्याकडे बघत बसावं लागत नाही."

तो हसला. मिस्त्रीही हसला, पण जरा उशिरा. मग त्याने ग्रीसचा डबा उचलला.

"बेअरिंग बघून येतो."

"सकाळीच भरलंत की."

"कोरडं वाटतंय."

वादळासाठी म्हणून त्याने पंख्याला ब्रेकची दोरी लावून ठेवली होती. ती त्याने दोन्ही हातांनी ओढली आणि कठड्याला गाठ मारली. पंखा कुरकुरला, थांबला. पंखा आणि दिवा यांच्यामधली बॅटरी लहानशी, तिचा जीव तो किती! मिस्त्री डबा न उघडताच पाण्याच्या टाकीला टेकून बसून राहिला.

काही वेळाने जिन्यात पावलं वाजली. तपासनीस वर आला.

"विझला," तो म्हणाला.

त्याने पंख्याकडे पाहिलं. तिथून ताणलेल्या दोरीवरून गाठीपर्यंत नजर नेली. मग वाळत घातलेल्या आपल्या शर्टाकडे पाहिलं. चौकातल्या पोलिसासारखे दोन्ही हात आडवे करून शर्ट फडफडत होता. एक चिमटा उडून शेजारच्या पत्र्यावर पडला. तपासनिसाने शर्टाची बाही धरली, नीट ओढून घेतली, दुसरा चिमटा लावला. मग बोट ओलं करून हवेत धरलं, अगदी कायद्याने.

"वारा पडलाय."

"साहेब..."

"पडलाय म्हणतो ना. तसंच लिहितो. तुम्ही ती गाठ सोडून खाली या आणि चहा टाका. साखर बेताची."

खाली जाऊन मिस्त्रीने पाहिलं तर उशीची सुतळी सुटली होती आणि ती पलंगावर गेली होती. दिवा पुन्हा लागला, पत्ते वाटले गेले. हाही आठवडा संपणार होता. तो विषय कुणी काढला नाही.

हिशेब मांडायचाच तर असा. बक्षीस दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं. मंत्र्यांना फोटोसाठी दुसरा माणूस मिळाला. लेकीचा मोबाइलवर समारंभ बघायचा वेळ वाचला. तपासनिसाचा वाढीव भत्ता सरकारने बिनतक्रार भरला. भुर्दंड बसला तो एकट्या वाऱ्याला: आठवडाभर इमानाने राबला, आणि सरकारदरबारी त्याच्या नावापुढे कामचुकार म्हणून शेरा पडला.