आंबलेल्या लसूणघासाची डोणी

नाक धरून बसा मित्रांनो, कारण मी जे सांगणार आहे त्याला वास आहे. मी एक जुनी दगडी डोणी आहे. पाचोऱ्याच्या स्टेशनापासून जवळच, टांगेवाल्या चुडामण आबांच्या अंगणात माझं आयुष्य गेलं. काळ टांग्यांचा होता आणि राज्य इंग्रजांचं.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून कोरलं, तेव्हा माझं पोट इतकं गुळगुळीत होतं की त्यात आबा आपली पगडी बघून नीट करीत. माझं काम एकच, घोडीचं खाणं भिजवायचं. घोडीचं नाव पाखरी.

विहिरीजवळच्या वाफ्यात आबा लसूणघास लावीत. जिनात कापसाच्या गाठी दाबतात, ते पाहून त्यांनी एक लाकडी साचा करवून घेतला होता. वाळलेला घास त्यात दाबला की विटेएवढी वडी निघायची. पण वडी निघाली म्हणून ती पाखरीला मिळायची असं नाही! आबा ती मोडून बघायचे. आत हिरवी आणि वासाला गोड असेल तर माझ्या पोटात, आत बुरशीची पांढरी भुकटी उडाली तर थेट उकिरड्यावर. वडी पाण्यात फुगून मऊ झाली, चिमटीत कुस्करली, की मग ते पाखरीला हाक मारीत, "खाय वं माय, कवळं शे." तिचं खाणं झालं की उरलेलं पाणी ओतून राखेने मला घासून काढीत. तेव्हा मला माझा अभिमान वाटायचा.

आबा गेले आणि टांगा त्यांच्या मुलाकडे, तोतारामकडे आला. मित्रांनो, आळशी माणसाचा मला राग नाही. पण आळसाला शहाणपणाची टोपी घालून मिरवणाऱ्याची मला किळस येते! कोपऱ्यात गळत्या पत्र्याखाली ओल धरलेल्या वड्या तोताराम न मोडताच माझ्यात टाकी. पाणी कालचं, त्याखाली परवाचं. माझ्या गुळगुळीत पोटावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढला. वर फेस येई आणि त्यात अळ्या वळवळत. मला हात असते तर मी स्वतःलाच उलथी केली असती.

त्याची बायको बेबाबाई एकदा बोललीच. तेव्हा तोतारामने मिशीला पीळ दिला.

"आते रोज रोज कोन घासत बसई? आंबू दे. बिबडासनी जवारी आंबस, मंगच तिले चव येस नही का?"

ऐका मित्रांनो! आमच्या खान्देशात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करताना ज्वारी आंबवतात, हे खरं. घरात बिबड्यांचे डबे भरलेले, म्हणून या पठ्ठ्याने घोडीच्या चाऱ्यालाही तोच कायदा लावला.

"जवारीनं पानी मी रोज बदलस," बेबाबाई म्हणाली. "आन् ते पीठ चुल्हावर शिजाडस. हाई कोठे शिजस?"

"घोडी माजी गई शे. भूक लागनी म्हंजे खाई!"

पाखरी माझ्यावर वाकायची, फुरफुरायची आणि तोंड फिरवायची. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. तिची नजर मला सहन होत नसे. जणू मीच तिला फसवत होते.

दसरा उजाडला. दसऱ्याला घोड्याची पूजा. तोतारामने पाखरीला धुतलं, झेंडूची माळ घातली, कपाळाला कुंकू लावलं. मग माझ्याकडे वळला. आता तरी घासेल, असं मला वाटलं. त्याने माझ्या काठावरच्या चिकट थरावरच कुंकवाची पाच बोटं ओढली आणि हात जोडले! वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच. आणि भुकेने हरलेल्या पाखरीने त्याच सणाच्या दिवशी माझ्यात तोंड घातलं.

दुपारपर्यंत ती आडवी झाली. मान वळवून पोटाकडे बघे, लोळे, पाय झाडी. माळेतले झेंडू चिखलात मिसळले. तोताराम धावत घरात गेला आणि मीठमिरच्या घेऊन आला. दृष्ट लागली म्हणे! तो मिरच्या ओवाळत राहिला आणि बेबाबाईने पाखरीला कसंबसं उठवलं, हिंग-ओव्याचं पाणी पाजलं आणि दावं धरून अंगणात फिरवत राहिली. फिरवता फिरवता तिची नऊवारी घामाने भिजली. उन्हं कलली तेव्हा पाखरीने लीद टाकली आणि ती चार पायांवर स्थिर उभी राहिली.

"दिठ उतरनी!" तोताराम म्हणाला आणि पाटावर जेवायला बसला.

बेबाबाई हात धुऊन आली. तिने ताटात पुरणपोळी वाढली. मग माझ्याजवळ आली, वाटीभर तो हिरवाकाळा लगदा उचलला आणि पोळीशेजारी ठेवला.

"आंबेल चांगलं ऱ्हास ना? दसराना निवद शे. आधी तुम्ही खा, मंग ती खाई."

तोतारामने नाकाला उपरणं लावलं. तो तसाच अंगणात धावला आणि ओकला. "काय वास मारी राहिनं! काढ ते अठून!"

"तुम्हले तोंड फिरावता उनं," बेबाबाई पाखरीच्या गळ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "तिना गयामा तं दावं शे."

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले, तेव्हा तोताराम गुडघ्यांवर बसून मला राखेने घासत होता. सगळ्यात आधी कुंकू निघालं. मग थर, मग त्याखालचा थर. शेवटी माझं पोट पूर्वीसारखं दिसू लागलं. त्याने ताजी हिरवी वडी मोडली, हुंगली, भिजवली आणि पाखरीला माझ्याजवळ आणलं.

तिने हुंगलं आणि मागे सरली.

ती पुढे पुष्कळ जगली, मित्रांनो, पण बादलीतून खाऊन. तोताराम मला रोज घाशी, तरी तिने पुन्हा माझ्यात तोंड घातलं नाही. मी स्वच्छ झाले आहे हे मी तिला कसं सांगणार होते?

आता मी विहिरीकाठी पडून आहे. दसऱ्याला अजून कुणीतरी मला कुंकू लावतं. ते नको मला. जनावरापुढे जे ठेवाल ते आधी आपल्या नाकापुढे धरा, एवढं करा. माझी पूजा नाही केली तरी चालेल.