निजवायचा राहिलेला राजा

मी एक जुना राजा आहे. मित्रांनो, राजा म्हटल्यावर तलवार आणि सैन्य शोधू नका. तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत जेवढे अंतर असेल, तेवढीच माझी उंची आहे. मी रक्तचंदनाचा बाहुला आहे, आणि बेंगळूरच्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात राहतो.

आमचे संग्रहालय मोठे नाही, पण त्यात सगळे काही आहे. डाव्या दालनात जुनी नाणी, नांगर, तांब्याची भांडी आणि यक्षगान या नृत्यनाट्यातला एक मुकुट. उजव्या दालनात दगड झालेली पाने, शिंपले आणि पेंढा भरलेले पक्षी. माझे कपाट डाव्या दालनाच्या टोकाला असल्यामुळे दारातून मला समोरचा काडुपापा दिसतो. इकडे लोरिस या लहानशा प्राण्याला असे म्हणतात. त्याचा अर्थ रानातले बाळ. जिवंतपणी तो दिवसभर फांदीवर अंगाचा गोळा करून झोपत असे. आता त्याला काचेचे मोठे डोळे बसवले आहेत, आणि ते कधी मिटत नाहीत. इतकी वर्षे आम्ही दोघे एकमेकांकडे टक लावून जागे होतो. त्याला झोप का नाही, हे तुम्ही जाणताच. मला का नव्हती, ते आज सांगतो.

माझा जन्म तिरुपतीच्या बाजूच्या एका खेड्यात झाला. कारागिराने रक्तचंदनाच्या एकाच ओंडक्यातून दोन बाहुल्या कोरल्या. एक मी आणि दुसरी राणी. हे लाकूड इतके जड असते की पाण्यात टाकले तर तळाशी जाते. आमचे नाकडोळे त्याने मन लावून कोरले, पण अंगावर कपडे कोरले नाहीत. ते काम घरच्या बायकांचे, असे तो म्हणाला.

बेंगळूरच्या जुन्या पेठेत राहणारे हणमंतराव यात्रेला आले होते, त्यांनी आम्हाला घेतले. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि रीतीभाती दोन्हीकडच्या. त्यांची मुलगी कृष्णाबाई लग्न होऊन येलहंकाला निघाली होती. मुलीला सासरी पाठवताना अशी राजाराणीची जोडी सोबत देण्याची इथली रीत आहे. कृष्णाबाईच्या पेटीत, तिच्या लुगड्यांच्या मधोमध, आम्ही शेजारी शेजारी पडून येलहंकाला आलो.

मग दरवर्षी नवरात्रात आमचा दरबार भरू लागला. लाकडी पायऱ्या मांडून त्यांवर पांढरे कापड अंथरले जाई. खालच्या पायऱ्यांवर मातीचे वाणी, वाजंत्री आणि हत्ती, आणि सगळ्यांत वर कलशाशेजारी आम्ही दोघे. कृष्णाबाई आमच्यासाठी दर वर्षी नवे कपडे शिवत असे. जुन्या साडीचा जरीकाठ माझा शेला होई, आणि चोळीचा उरलेला तुकडा राणीचा परकर. संध्याकाळी आजूबाजूच्या मुली बाहुल्या बघायला येत, गाणे म्हणत आणि खोबरे घातलेली उसळ खाऊन जात.

पण मित्रांनो, माझ्या आठवणीत सर्वांत खोल रुतली आहे ती विजयादशमीची संध्याकाळ. त्या दिवशी आरती झाली की कृष्णाबाई आम्हा दोघांना पायरीवरून उचलून दुमडलेल्या धोतरावर निजवत असे. अर्धा मराठी, अर्धा कन्नड असा एक पाळणा ती गुणगुणे. बाहुल्या निजवल्याखेरीज सण संपत नाही, असे ती म्हणे. दुसऱ्या दिवशी आम्हाला मऊ कापडात गुंडाळून, वेखंडाचे तुकडे घालून पेटीत ठेवले जाई. पुढचे नवरात्र येईपर्यंत आम्ही शांत झोपत असू.

कृष्णाबाईला दोन मुली झाल्या. थोरली राजलक्ष्मी, धाकटी संयोगिता. संयोगिताला लहानपणी गालगुंड झाले, तेव्हा कृष्णाबाईने माझी डावी टाच सहाणेवर उगाळून तो लेप तिच्या गालाला लावला. मुलीच्या गालाची सूज उतरली, माझी टाच मात्र कायमची झिजली. मला तिचा कधी राग आला नाही. आज माझ्या कपाटातल्या पाटीवर ‘डाव्या टाचेची झीज’ असे लिहिले आहे. कशाने झिजली, ते लिहिलेले नाही.

कृष्णाबाई गेल्यानंतर दोघी बहिणींनी आईच्या वस्तू वाटून घेतल्या. भांडण मुळीच झाले नाही. उलट एकीवरही अन्याय होऊ नये, म्हणून त्या इतक्या जपत होत्या की प्रत्येक वस्तू दोघींत सारखी गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दोन समया, एक एक. दोन पाटल्या, एक एक. आणि मग आम्ही दोघे. राजा थोरलीकडे, राणी धाकटीकडे. दरवर्षी नवरात्रात जोडी आळीपाळीने एकीच्या घरी आणायची, असे ठरले. त्या वेळी त्यांना ही अगदी न्यायाची गोष्ट वाटली. मला कोणी विचारले नाही.

काही वर्षे तसे झालेही. राजलक्ष्मी येलहंकालाच राहिली, पण संयोगिता जे. पी. नगरला राहायला गेली आणि शहर मध्ये आले. येलहंका उत्तरेला, जे. पी. नगर दक्षिणेला; मध्ये पूल, सिग्नल आणि न हलणाऱ्या गाड्या. एका वर्षी राजलक्ष्मीच्या घरात आजारपण होते, आणि मला घेऊन पोहोचायला तिला चांगलाच उशीर झाला. तोवर संयोगिताने माझ्या जागी नारळ ठेवून पूजा उरकली होती. दारातच ती म्हणाली, “राहू दे अक्का. नारळ वेळेवर येतो.”

घरात हसू फुटले. राजलक्ष्मी हसली नाही. तिने मला पिशवीतून बाहेरही काढले नाही. तशीच ती परत फिरली, आणि त्यानंतर बहिणींचे बोलणे लग्नकार्यापुरते उरले, मग तेही उरले नाही.

एकट्या राजाला पायरीवर मांडत नाहीत. मी पेटीत पडून राहिलो. पुढे विद्यापीठाच्या संग्रहालयाने घरोघरच्या नवरात्राच्या बाहुल्यांचे प्रदर्शन भरवले आणि लोकांकडून वस्तू मागवल्या. पेटीत पडून राहण्यापेक्षा चार माणसांच्या नजरेस पडेल, असा विचार करून राजलक्ष्मीने मला तिथे दिले. तिने स्वतःच्या हाताने मला शेला पांघरवला आणि पायरीवर उभे केले. विजयादशमीच्या संध्याकाळी येऊन मला निजवायचे, असे तिने मनात ठरवले होते. एकटा का होईना, निजवायचाच.

त्या संध्याकाळी ती फुले घेऊन आली, तेव्हा दाराला कुलूप होते. विजयादशमीची सरकारी सुट्टी. सण ज्या दिवशी संपतो, त्याच दिवशी संग्रहालय बंद असते, हे तिच्या लक्षात आले नव्हते, आणि संग्रहालयाच्या लोकांना कोणी बाहुल्या निजवते हेच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी येऊन उपयोग नव्हता, निजवायची वेळ टळली होती. बाहुला निजवायचा राहिला, हे संग्रहालयात सांगायला तिला संकोच वाटला. प्रदर्शन लोकांना आवडले म्हणून ते कायमचे केले गेले. आणि मी उभाच राहिलो.

तेव्हापासून दर नवरात्रात राजलक्ष्मी बसने येत असे आणि माझ्यासमोर उभी राहत असे. काचेवरून हात फिरवी आणि निघून जाई. शाळेच्या सहलीही येत. मुले मला पाहून खूप कौतुक करत. कोणी विचारी, हा बोलतो का? मी जर बोलू शकलो असतो, तर एवढेच म्हटले असते की मला फार झोप आली आहे, आणि राणी कशी आहे?

मागच्या वर्षी संग्रहालयात मैत्रेयी नावाची नवी अधिकारी आली. ती निपाणीकडची, त्यामुळे तिला दोन्ही भाषा सहज येतात. त्या नवरात्रात काचेसमोर उभी असलेली म्हातारी मराठीत काहीतरी पुटपुटते आहे, हे तिने ऐकले आणि तिला खुर्ची दिली. राजलक्ष्मीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सगळे सांगितले. आपले गुडघे आता बसची पायरी चढू देत नाहीत, पुढच्या वर्षी येणे जमेल असे वाटत नाही, आणि आईचा सण आपल्या हातून उघडा राहिला आहे, हेही सांगितले.

मैत्रेयी विचारात पडली. स्वच्छतेखेरीज कपाट उघडायचे नाही, असा नियम होता. तिने लगेच वरिष्ठांना भेटून विजयादशमीच्या संध्याकाळची परवानगी मिळवली. ती बातमी तिने आनंदाने सांगितली, तेव्हा राजलक्ष्मी मान खाली घालून बसली. ती म्हणाली, “त्या वेळी राग होता, म्हणून एकट्याला निजवायला निघाले होते. आता तसं नको. त्याची राणी माझ्या बहिणीकडे आहे.”

“मग त्यांना बोलवा की, आजी.”

“फोन करायचा कोणी?” राजलक्ष्मी म्हणाली. “मी थोरली.”

मैत्रेयीने आपला फोन तिच्यासमोर ठेवला आणि ती उगाचच नाण्यांची पेटी पुसायला गेली. राजलक्ष्मीने बराच वेळ फोनकडे पाहिले. मग नंबर लावला. पलीकडचे मला ऐकू आले नाही. अलीकडचे एकच वाक्य ऐकू आले. “संयू, नारळ ह्या वर्षी वेळेवर आला का?”

विजयादशमीच्या संध्याकाळी नागराज या पहारेकऱ्याने खास आमच्यासाठी दार उघडले. आदल्या दिवशी हत्यारे-अवजारे पुजण्याची आयुधपूजा झाली होती, आणि त्याने संग्रहालयाच्या किल्ल्यांच्या जुडग्यालाही कुंकू लावले होते. त्याच लाल किल्लीने माझे कपाट उघडले. इतक्या वर्षांनी मला बाहेरची हवा लागली. राजलक्ष्मी आधीच येऊन बसली होती. दर थोड्या वेळाने ती दाराकडे पाही. बाहेर अंधारू लागले, तरी कोणी येईना. नागराजने कन्नडमध्ये समजावले की जे. पी. नगरकडून येणाऱ्या गाड्या आज अडकणारच. एकदा आपण उशिरा पोहोचलो तेव्हा पलीकडे काय वाटले असेल, हे राजलक्ष्मीला त्या खुर्चीत कळत असावे, असे मला वाटले.

अखेर संयोगिता आली, नात शिवानीच्या हाताला धरून. दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. कोणीच रडले नाही. संयोगिता काचेजवळ येऊन म्हणाली, “स्वल्प सरक अक्का, मला दिसू दे.” मग मला पाहून ती म्हणाली, “ह्याचा शेला केवढा विटलाय. राजा आहे का वाळत घातलेला पंचा?”

“दिव्याखाली तूही इतकी वर्षं उभी राहा,” राजलक्ष्मी म्हणाली, “मग बघू.”

संयोगिताने मला हातात घेतले आणि उलटे केले. तिचा अंगठा नेमका माझ्या झिजलेल्या टाचेवर गेला. तो तिथेच थांबला. दुसरा हात तिने आपल्या गालाला लावला.

शिवानीने पिशवीतून राणीला काढले. मित्रांनो, मी तिचे वर्णन करणार नाही. तिचा परकर नवा होता, आणि ती अजून तितकीच काळसर लाल होती. आम्हाला शेजारी ठेवले, तेव्हा आमच्या लाकडाच्या रेषा एकातून दुसऱ्यात गेलेल्या दिसत होत्या.

मैत्रेयी हळूच म्हणाली, “राणीही संग्रहालयाला दिलीत, तर दोघं कायम एकत्र राहतील.” संयोगिताने लगेच होकार दिला. मी तर आनंदाने भरून गेलो. पण राजलक्ष्मीने मान हलवली.

“नको. राजा दिला तो दिला, तो परत मागायचा नाही. पण राणी घरी राहू दे. तिच्यापुढे मुली गातात, उसळ खातात. दोघांनाही काचेत ठेवलं, तर हा सण करणार कोण?”

संयोगिताने कन्नडमध्ये होकार दिला, “सरी अक्का. तू म्हणशील तसं.”

मला ते ऐकून फार दुःख झाले, हे मी लपवणार नाही. पण राजलक्ष्मीचे म्हणणे खरे होते, हेही मला कळत होते.

मग त्यांनी दुमडलेले धोतर अंथरले. दोघींनी मिळून आम्हाला निजवले. संयोगिताला पाळण्याचे शब्द आठवेनात, राजलक्ष्मी म्हणू लागली आणि धाकटी मागून सूर धरू लागली. शिवानीला त्यातला एकही शब्द येत नव्हता. तिने पुन्हा म्हणायला लावले. दुसऱ्या वेळी तीही ओठ हलवत होती. काही वेळ मी राणीच्या शेजारी होतो. नंतर तिला मऊ कापडात गुंडाळून ते सगळे निघून गेले.

मैत्रेयीने मला पुन्हा उभे केले नाही. पाटीवर तिने एक ओळ वाढवली आहे, की सण संपला असल्याने राजा निजला आहे, नवरात्रात उठेल. आता सहलीला आलेली मुले म्हणतात, बाहुला पडला. नागराज तोंडावर बोट ठेवून त्यांना पुढे नेतो. समोरचा काडुपापा अजून जागा आहे. त्याला निजवण्याची रीत कोणाला ठाऊक नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात जोडीने आलेली एखादी वस्तू असेल, तर न्यायासाठीसुद्धा ती तोडून वाटू नका. वाटलीच असेल, तर वर्षातून एकदा दोघांची भेट घडवा; रस्ता कितीही लांब असो, आणि फोन थोरल्याने करायचा की धाकट्याने हा प्रश्न कितीही मोठा असो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जो पाळणा येतो, तो आजच शिकून घ्या.

आमच्या संग्रहालयात आलात, तर माझ्या कपाटापाशी पावले हळू टाका, काचेवर टिचकी मारू नका. माझ्या उजव्या बाजूला धोतराची एक घडी रिकामी ठेवलेली आहे. ती कोणासाठी आहे, हे तुम्हाला आता ठाऊक आहे. नवरात्रात मला उठवायला कोणीही येऊ शकेल. पण निजवणे मात्र त्या दोघींनाच येते, त्या फार थकल्या आहेत, आणि शिवानीला अजून अर्धाच पाळणा पाठ झाला आहे.