ढमीच्या पंखाखाली

डॉक्टरांनी कोंबडीचं पोट चिरलं आणि कात्री बाजूला ठेवली. अंगणातल्या दगडावर जुना कागद अंथरला होता, त्याभोवती घरातले तिघे उभे होते. सून कडेवरच्या बाळाला थोपटत होती. तिची अख्खी रात्र त्याच्या येऊ घातलेल्या दातांनी खाल्ली होती, आणि आता उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत होते.

कोंबडी आजारी नव्हतीच. लालभडक तुरा, भरलेलं अंग. रोज सकाळी अंडी घालायच्या पेटीत शहाण्यासारखी बसायची, उठून साऱ्या शेडला ओरडून सांगायची, आणि पेटीत हात घालावा तर नुसता भुसा. अशा जवळजवळ निम्म्या निघाल्या होत्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणून तिचा नवरा सुरुवातीला हसायचा. अलीकडे हसत नव्हता.

डॉक्टरांनी पाण्याने फुगलेली एक पातळ पिशवी बोटावर उचलून दाखवली. अंडं जिथून बाहेर यायचं ती ही नळी. ती वाढलीच नव्हती. आत बलक तयार होत होता, पण वाट नसल्यामुळे पोटातल्या पोटात सांडत होता.

"पिल्लं असताना यांना सर्दी झाली होती?"

झाली होती, नवरा म्हणाला, अगदी आणल्या आणल्या. लस द्यायचीही राहून गेली होती. शिंका, घशात घरघर. पण आईने आणि बायकोने रात्रंदिवस एक करून वाचवली, फारशी दगावली नाहीत. हे सांगताना त्याच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

डॉक्टर हात पुसत समजावत राहिले. हीच सर्दी मोठ्या कोंबडीला झाली तर ती थोडे दिवस शिंकते, अंडी कमी देते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचं मात्र आतलं सगळं कोवळं असतं. जीव वाचतो, पण नळी कायमची बिघडते. ते वरून दिसत नाही. थेट अंड्यावर यायच्या वयातच कळतं. आता औषध नाही.

"त्या वेळी एखादी मोठी कोंबडी आली होती का यांच्याजवळ?"

सुनेने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. वीज गेलेली ती थंडगार रात्र तिला आठवत होती. पिल्लं एकमेकांवर चढून चिवचिवत होती, आणि सासूबाई पदराखाली आपली म्हातारी ढमी घेऊन आल्या होत्या. ढमीचं नाक वाहत होतं. "म्हातारी जरा शेंबडी झालीय," त्या हसून म्हणाल्या होत्या, "पण ऊब काही शेंबडी नसते गं." बघता बघता पिल्लं तिच्या पंखांखाली गडप झाली होती. पुढे कित्येक दिवस नवरा येईल त्याला ती गोष्ट सांगायचा. ढमीची सर्दी तर लगेचच गेली. तिने आज सकाळीही अंडं दिलं होतं; त्यातलाच बलक कुस्करून सुनेने बाळाला भरवला होता.

"चिमण्या येतात हो डॉक्टर," सून म्हणाली. "जाळी फाटलीय ना एका बाजूला."

"चिमण्या कशाला," सासूबाई म्हणाल्या. "मीच ठेवली होती माझी कोंबडी. ऊब द्यायला."

नवऱ्याने आईकडे पाहिलं. डॉक्टर कागदाची चारही टोकं गोळा करत म्हणाले, "नसती ठेवली तर पिल्लं थंडीनंच गेली असती, काकू."

कुठली चांगली, कुठली पोकळ, हे बघून ओळखता येणार नाही, असं डॉक्टरांनी जाताना सांगितलं. तेव्हा सगळ्याच काढाव्या लागतील, असं नवरा शेडकडे तोंड करून म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी बाळाने पुन्हा सूर लावला. एरवी या वेळी सासूबाईंची हाक यायची, आण गं त्या गुलामाला इकडे, तुझ्याच्याने नाही व्हायचं. आज हाक आली नाही. त्या मागच्या पायरीवर ओले हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मघाशी धुतलेले हात त्यांनी पुन्हा धुतले होते.

सून बाळाला घेऊन समोर उभी राहिली.

"तूच घे त्याला," सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "माझ्याकडे नको आज. मला मेलीला काय कळतंय लेकराबाळांतलं."

सुनेचे दंड भरून आले होते. समजूत घालायला शब्द हवे होते, आणि तेवढं त्राण तिच्यात नव्हतं.

"आई, मला झोप आलीय हो," ती म्हणाली, आणि वाकून तिने बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं.

आत जाऊन ती जमिनीवरच आडवी झाली, दाराकडे पाठ करून. बाहेर बाळ जोराने रडलं. मग हळू रडलं. मग आवाज थांबला. तिने उठून पाहिलं नाही.