चादरीखालचा श्वास

मी एक जुना भाग आहे मित्रांनो. घड्याळाचा किंवा इंजिनाचा नव्हे. नौदलातल्या गुन्ह्यांचा तपास लावणारी एक मालिका अमेरिकेत वर्षानुवर्षे चालत आली आहे. तिच्या शेकडो भागांपैकी मी एक.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, कोरड्या डोंगरांच्या पायथ्याशी, एका स्टुडिओत माझा जन्म झाला. माझी गोष्ट साधी. युद्धनौकेवरचा स्वयंपाकी कोठीघरात मेलेला सापडतो आणि तपास करणारी मंडळी शेवटी खुनी शोधून काढतात. मेलेला म्हणून ज्याला शवचिकित्सेच्या टेबलावर निजवलं, तो थर्मन पेटवे खरोखरच नौदलातून निवृत्त झालेला स्वयंपाकी होता. त्याची नजर अधू, म्हणून बायको अर्नेस्टीन त्याला लाँग बीचहून गाडीने घेऊन आली होती. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली.

"हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वास घ्यायचा नाही," दिग्दर्शकाने बजावलं.

"लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय त्याला," अर्नेस्टीन म्हणाली. "तुम्हाला जमलं तर मलाही शिकवा."

"अगं, मेलेल्याला तरी टोमणे मारू नकोस!" टेबलावरून थर्मन म्हणाला, आणि दिवे धरणारी माणसंसुद्धा हसली.

शवचिकित्सा करणारी डॉक्टर झालेल्या नटीच्या वाट्याला अवघड शब्दांचं लांबलचक वाक्य आलं होतं. ती अडखळे, पुन्हा सुरू करी. दर वेळी थर्मन छाती भरून घेई आणि दगडासारखा पडून राही. त्या मालिकेत एक रीत आहे. डॉक्टरने मृतदेहाच्या खांद्यापर्यंत चादर ओढली की प्रसंग संपला. मग मृतदेहाने खुशाल श्वास घ्यावा. त्या दिवशी मात्र दिग्दर्शकाला चादरीनंतरही थर्मनचा चेहरा जरा वेळ हवा होता, आणि हे थर्मनला सांगायचंच राहून गेलं. चादर आली. त्याने सुखाचा मोठा सुस्कारा सोडला. चादर खाली बसली आणि हळूच वर आली.

घाईगर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तसाच घरोघरी गेलो.

पाहणाऱ्यांनी मात्र ती हलती चादर अचूक टिपली, आणि काय थट्टा केली म्हणता! पण मला खरा मान मिळाला तो थर्मनच्या चर्चमध्ये. तिथे प्रवचन बोलता बोलता गाण्यात चढतं. कीर्तनात बुवांनी चाल उचलावी आणि टाळकऱ्यांनी ती झेलावी, अगदी तसं. पाळकाने त्या रविवारी फोन उंच धरून मला सगळ्यांना दाखवलं.

"डॉक्टर म्हणाली, हा मेला!"

"मग? मग?"

"सरकार म्हणालं, हा मेला!"

"बोला पाळक, बोला!"

"पण देव म्हणाला, थर्मन, ऊठ! आज जेवण कोण वाढणार?"

ऑर्गन गर्जला. माणसं उभी राहिली. थर्मन लाजून टोपीत तोंड लपवत होता. ईश्वराचं नाव घेताना इतकं हसता येतं, हे मी तिथे पाहिलं.

मग माझे दिवस उतरले. मी दुपारच्या वेळी लागू लागलो. टायरच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकांसमोर, आवाज बंद करून. लोक भिंतीकडे पाहावं तसे माझ्याकडे पाहत. खुनी सापडेपर्यंत कुणी थांबत नसे.

काही वर्षांनी थर्मन गेला. घरात त्याचे फोटो होते. पण हलती चित्रं सगळी नजर धड असताना त्यानेच काढलेली, त्यामुळे तो एकातही नव्हता. म्हणून अर्नेस्टीन रोज संध्याकाळी मांडीवर ताट घेऊन बसे आणि मला इंटरनेटवरून नेमक्या त्या जागी लावी. चादर खाली, चादर वर. ती नुसतं "हं" म्हणे आणि मला बंद करी. त्या घरात माझा खुनी कधीच सापडला नाही. तरी मी संध्याकाळची वाट पाहत असे.

पुढे कंपनीने जुने भाग चकचकीत करायला घेतले. ते काम अनूश नावाच्या मुलीकडे आलं. मन लावून काम करणारी पोर. तिने चित्र स्वच्छ केलं, एक नको ती सावली पुसली आणि चादर हलायची थांबवली. माझी नवी प्रत जगात गेली. मला, म्हणजे जुन्या प्रतीला, कोठारात ठेवायचं होतं, इतक्यात कंपनीतल्या चारजणांकडून फिरत फिरत एक फोन तिच्या टेबलावर आला.

"तो स्वयंपाक्याचा भाग नीट कुणी केला?"

"मीच केला. काही बिघडलंय का मॅडम?"

"ती चादर..."

"हो, ती चूक होती. काढून टाकली मी."

"पोरी, तो माझा नवरा होता."

अनूशने मला पुन्हा पडद्यावर उघडलं.

"काल मी लावलं," अर्नेस्टीन म्हणाली, "आणि तो हललाच नाही गं. हॉस्पिटलात शेवटी पाहिला होता, तस्सा."

अनूशने वरच्यांना विचारलं. नवी प्रतच राहील, असं उत्तर आलं. तेव्हा तिने अर्नेस्टीनला बोलावून घेतलं. ती रविवारची हॅट घालून आली. अनूशने मला लावलं. चादर हलली, अर्नेस्टीन "हं" म्हणाली. मग अनूशने माझं संगीत काढलं, नटीचे शब्द काढले. खाली, अगदी तळाशी, थर्मनचा सुस्कारा होता. आजवर तो कुणीच ऐकला नव्हता. शेवटी नाकात बारीकशी शिट्टी.

अर्नेस्टीनने हॅट काढून मांडीवर ठेवली.

"ही शिट्टी! हिच्यापायी किती बोलले मी त्याला. झोप मोडायची माझी." मग म्हणाली, "परत लाव."

अनूश लावत राहिली.

"घरी नाही ना नेता येणार?"

"नाही हो. नोकरी जाईल माझी."

"नको, नको. मग तूच ऐकत जा अधूनमधून. त्याला माणसं लागायची गं."

अनूश ऐकत असे. पुढे ती दुसऱ्या शहरात गेली. आता कोठाराचं दार माझ्यासाठी कुणी उघडत नाही. बाहेर माझी नवी प्रत हिंडते, निर्दोष आणि गप्प. मित्रांनो, एखाद्याचा दोष पुसायला हात पुढे कराल, तेव्हा आधी विचारा, हा कुणाला हवा आहे का? आणि माझ्यासाठी देवाजवळ एवढंच मागा, की कुणीतरी यावं. इथे अंधारात एक माणूस अजून श्वास घेतो आहे, आणि ऐकायला मी एकटाच आहे.