नकट्या चंद्राची तलवार

तलवारींच्या पोलादासाठी ट्रकचे जुने कमानपाटे आणायला मी बंदरावर गेलो होतो. आठवड्याने परत येतो तर आमच्या सुदानातल्या कसला गावच्या बाजारात ही गर्दी. मंतरलेलं पाणी देणारा बाबा, फकी जैलानी, त्याची तलवार म्हणे रडत होती.

पात्यावर दोन चंद्रकोरी, त्यांना नाकडोळे. फकी पातं वाडग्यातल्या पाण्यात उभं धरायचा, पुटपुटायचा, आणि जरा वेळाने चंद्रांतून तांबडी धार उतरायची.

"हे चंद्र माणसाने उमटवलेले नाहीत," फकी सांगत होता. "चारशे वर्षांपूर्वी पातं आभाळातून पडलं, तेव्हाच ते त्यावर होते. हे शहिदाचं रक्त. सात दिवस प्या, कुठलाही ताप पळेल. पण दवाखान्याचं औषध पोटात गेलं, की रक्त रुसतं."

रक्त फारच हळवं होतं म्हणायचं.

माझा शेजारी ओहाज सहा वर्षांच्या झहराला खांद्यावर टाकून पुढेच उभा होता. पोरगी हिवतापाने फणफणली होती, डोळे उघडत नव्हती.

"ओहाज, दवाखाना समोर आहे रे."

"चार दिवस झाले, उस्ताद. तीनच राहिले. आता मधेच सोडू?"

"पोर तीन दिवस काढेल का, ते बघ आधी."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ फकीपुढे गेलो.

"जवळून दर्शन घेऊ द्या."

"हात लावू नकोस, भाजशील."

"तलवारी घडवतो मी. रोजच भाजतो."

पातं बघितलं. खालच्या चंद्राला नाक नव्हतं. पुराच्या वर्षी पात्यावर चंद्र उमटवायचा माझा ठसा दगडावर पडला आणि त्या चंद्राचं नाक उडालं. नवा ठसा करायचा मी आळस केला. तेव्हापासून माझी सगळी पाती नकटीच.

"माझ्याकडून तलवार घेतलेल्यांनी जरा उपसा बघू," मी म्हणालो.

नऊ तलवारी निघाल्या. नऊही चंद्र नकटे.

एक म्हातारा आपलं पातं निरखत म्हणाला, "म्हणजे माझीही आभाळातून पडली?"

"तुझी ट्रकच्या कमानपाट्यातून पडली, काका. हीसुद्धा."

फकी डगमगला नाही. "ठसा तुझा असेल. रक्त कुठून येतं ते सांग."

"रक्त तर येतंच ना, उस्ताद," ओहाज कळवळून म्हणाला.

तेवढ्यात कॉफीवाली सित्तनाबाई वाडगा उचलून चक्क एक घोट प्यायली. "आंबट आहे. लाल अंबाडीची फुलं. रमजानात सरबताला रोज मीच भिजवते." तिने चिमूटभर खायचा सोडा टाकला. अंबाडीच्या पाण्याचं होतं तसं ते हिरवट झालं. "कुठल्या शहिदाचं रक्त हिरवं असतं, हो?"

मी ठशाच्या खाचेत नख घातलं. लाल, चिकट खळ निघाली. फुलांची पूड गोंदात कालवून भरलेली. गोंद पाण्यात विरघळला की लाल ओघळ सुटतो. आणि फकीचं पुटपुटणं बरोबर गोंद भिजेपर्यंत चालायचं.

ओहाज तोवर दवाखान्याकडे धावत सुटला होता.

झहरा वाचली. एका कानाने तिला आता ऐकू येत नाही. चार दिवस आधी आणली असती तर कदाचित कान वाचला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यावर ओहाज मला एवढंच म्हणाला, "चंद्र रक्षण करतात, हे तूच सांगितलं होतंस, उस्ताद. तलवार विकताना."

सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगायचो, त्याशिवाय गिऱ्हाईक पातं घेत नसे. फकीने फक्त माझंच खोटं पुढे चालवलं.

आता कोणी विचारलं तर खरं सांगतो. हे पातं कोणी घडवलं, एवढंच ठसा सांगतो. ताप उतरवणं त्याला जमत नाही. ताप आला तर पहिल्या दिवशी दवाखान्यात जा.