तोडायची सुरी

सुऱ्या बनवणारी बाई म्हटलं की लोक आधी तिच्या हातांकडे बघतात आणि बोटं दहाच्या दहा दिसली की थोडे हिरमुसतात. ताईला त्याची सवय झाली होती. मिटणारे चाकू ती करत नसे. बिजागरी आली म्हणजे एक कमजोर जागा आली, असं तिचं म्हणणं. तिच्या सुरीचं पातं आणि मुठीच्या आत जाणारा भाग एकाच पोलादी पट्टीतून कापलेला असायचा. कागदावर आखतानाच ती आतले कोपरे गोल करून घ्यायची, कारण चीर पडते ती कोपऱ्यातून. मूठ ओल्या हातमोज्यातून निसटू नये म्हणून स्वतः हातमोजा चढवून, साबणाच्या पाण्यात हात बुडवून बघायची.

"सुरी करतेस का भांडी घासतेस?" असं अण्णा विचारायचे. अण्णा म्हणजे कारखान्यात धार लावणारे. ताईला त्यांनी फ्रॉकमध्ये बघितलं होतं, त्यामुळे त्यांना काहीही बोलायची मुभा होती.

लहान सुऱ्या रोज कमरेला लावून फिरणारी साधी माणसं न्यायची, मोठ्या सैन्यात जायच्या. दोन्हींसाठी वडिलांपासून चालत आलेला एकच रिवाज होता. भट्टीच्या प्रत्येक खेपेत एक सुरी जास्तीची करायची. तिचं नाव तोडायची सुरी. तिला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचं, मुठीवर लांब पाइप चढवायचा आणि तुटेपर्यंत वाकवायचं. मग तुटल्या जागी पोलादाचा दाणा बघायचा. राखेसारखा बारीक, करडा दिसला तर भट्टी नीट लागली. साखरेसारखा जाड आणि चकाकणारा दिसला तर पोलाद जास्त तापलं. सुरी वरून कितीही देखणी असो, आतून ठिसूळ. मग ती अख्खी खेप भंगारात. तुटलेली पाती भिंतीवर ठोकलेली असत, तुटलं तोंड बाहेर करून. चांगली तशीच वाईटही. आलेल्या माणसाने सगळं बघावं, लपवाछपवी नको.

हा रिवाज ताईने एकदाच मोडला, तो धाकट्या भावासाठी. सैन्यातला हा भाऊ रजा संपवून निघाला होता आणि दारात अडून बसला होता. "माझ्या अख्ख्या तुकडीला तुझ्या सुऱ्या, आणि मी सख्खा भाऊ असून हात हलवत जाऊ?" खेप मोजून दिलेली होती. उरली होती ती तोडायचीच. भट्टीने इतक्या वर्षांत कधी दगा दिला नव्हता, भाऊ मात्र गाडीची वेळ झाली म्हणून घाई करत होता. ताईने अण्णांकडून धार लावून घेतली आणि सुरी त्याच्या कमरेला स्वतःच्या हाताने लावली.

पुढे धाकट्याची गाडी घाटात दरीत गेली. उलटलेल्या गाडीत त्याने त्याच सुरीने दोघांचे सीटचे पट्टे कापले आणि दोघांना बाहेर ढकललं. स्वतःचा पट्टा कापायला त्याला वेळ मिळाला नाही. सुरी घरी आली, ती त्याच्या बायकोकडे. ती कपाटात ठेवत नसे. उशाशी ठेवायची.

आणि आता सैन्यातल्या साहेबांचा फोन आला होता. त्याच खेपेतली एक सुरी मुठीजवळ तुटली होती. जवानाचं अंगठा कापण्यावर निभावलं. तुकडे बर्फात गेले, दाणा बघायची सोय नव्हती.

"ती खेप मी तोडून बघितली नव्हती, साहेब," ताई म्हणाली. "सगळ्या परत घ्या."

"बाई, चौक्यांचे रस्ते बंद आहेत. त्याने दगडात घालून उचकटली असेल. हेलिकॉप्टर उडवायचं तर मला कारण पक्कं पाहिजे. एकाची सुरी तिथेच तोडून बघायची म्हटलं, तर तो सुरीविना बसणार आणि दाण्यातलं कळणार कुणाला? तुम्ही खात्रीने सांगा, मी लगेच माणसं पाठवतो."

ताईने फोन ठेवला. त्या खेपेतली एकच सुरी तिच्या आवाक्यात होती.

भावजयीकडे जाणं तिच्या जिवावर आलं होतं, तरी ती गेली. आडपडदा न ठेवता तिने सगळं सांगितलं. भावजय भिंतीला टेकून ऐकत होती.

"तोडायची होती, तर तेव्हाच तोडायचीत ना, ताई," ती म्हणाली. "आता माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"मी चुकले गं."

"चुकलात." तिचा आवाज चढला. "त्याने जाताना मला दाखवली होती. म्हणाला, ताईची सुरी आहे, डोळे झाकून विश्वास ठेवायचा. आणि तुम्हालाच माहीत नव्हतं आत काय आहे ते!"

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. ती उठली, चपला घातल्या आणि जिन्यापर्यंत आली. मागून दाराला कुलूप लावल्याचा आवाज आला. वळून बघते तो भावजय म्यानासकट सुरी छातीशी धरून उभी.

"चला. पण मी वाकवणार."

कारखान्यात अण्णांनी चाक बंद केलं. ताईने सुरी म्यानातून काढली. टोक बोथटलं होतं, गाडीचं दार उचकटल्याचे ओरखडे पात्यावर होते. बाकी धार शाबूत. तिने पातं व्हाइसमध्ये आवळलं, वर जाड कापड टाकलं, मुठीवर पाइप चढवला. भावजयीला चष्मा दिला, पाय कुठे रोवायचे ते दाखवलं.

"किती वाकायला हवी?"

"चांगली असेल तर पाइप त्या खिडकीकडे वळेपर्यंत. तोवर तुला घाम फुटेल."

भावजयीने पाइप धरला. सुरी वाकावी, नुसती वाकत राहावी, एवढंच ताई मनातल्या मनात मागत होती. भावजयीने जेमतेम अंग टाकलं, आणि कट् आवाज झाला. पाइप तिच्या हातात सुटा आला. तिला घाम फुटायलाही वेळ मिळाला नाही.

अण्णांनी कापड उचललं. तुटलं तोंड उजेडात साखरेसारखं चकाकत होतं. ताई खाली बसली आणि तोंडावर हात धरून रडली. धाकटा गेला तेव्हाही ती कुणासमोर अशी रडली नव्हती.

भावजय तुकडा बोटांत फिरवून बघत होती. "एवढी कच्ची?"

"एवढी."

"आणि तरी दोन पट्टे कापेपर्यंत टिकली."

"नशीब," ताई म्हणाली.

"त्या दोघांचं. बाकीच्यांना नशिबावर सोडू नका. उठा, फोन करा."

ताईने डोळे पुसून तुटल्या जागेचा फोटो साहेबांना पाठवला आणि फोन लावला. "खात्री आहे, साहेब. आजच निरोप द्या, कुणी वापरू नका म्हणावं. बदली सुऱ्या मी देते, तोडून बघितलेल्या."

"ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"घरातलीच होती."

फोन ठेवून तिने दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळले आणि भावजयीपुढे धरले. "घेऊन जा. हे तुझं आहे."

भावजयीने मुठीकडचा तुकडा तेवढा घेतला. मुठीवर त्याच्या हाताचा काळपट डाग पडला होता, तिथे तिने आपली बोटं ठेवून बघितली आणि तो रिकाम्या म्यानासोबत पिशवीत ठेवला. पात्याचा तुकडा तिने अण्णांच्या हातात दिला आणि भिंतीकडे बोट केलं.

"राहू दे गं," ताई म्हणाली. "ही नको भिंतीवर. त्याची आहे."

"त्याची आहे म्हणूनच. तोंड बाहेर करून लावा, अण्णा."

अण्णांनी हातोडी घेतली. ताईने खिळा धरला.