न काळवंडणारी नाणी

हेर्लिंडाने लिंबाची फोड राखेत बुडवली आणि पहिलं नाणं घासायला घेतलं. धाकट्या बहिणीच्या, ओफेलियाच्या लग्नासाठी आईच्या हारातली नाणी दोऱ्यातून सुटी केली होती. असा नाण्यांचा हार, चाचाल, गळ्यात नसेल तर कोबानकडची नवरी चर्चची पायरी चढत नाही.

पाच सेंतावोंच्या प्रत्येक नाण्यावर सेइबाचं झाड होतं. नाणी जुनी, चांदीची, आईच्या गळ्यात राहून काळी पडलेली. तीन मात्र लख्ख होती. ती नंतरची, निकेलची. सरकारने झाड तेच ठेवलं आणि आतली चांदी तेवढी काढून घेतली. हेर्लिंडानेही दुसरं काय केलं होतं? नवरा एलिआस मेक्सिकोला निघाला तेव्हा वाटखर्चासाठी तिने हारातली तीन नाणी गुपचूप विकली आणि त्या जागी ही ओवली. एलिआस गेला तो गेलाच. आईच्या नजरेला नजर देणं तेव्हापासून तिला जड जाई.

"आई, ही बघ, न घासताच चमकतायत," ओफेलिया म्हणाली. "ताईचं काम वाचलं."

आईने मका निवडता निवडता ती तीन नाणी हातात घेतली. हेर्लिंडाचा हात थांबला. सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"चांदी बाईचं दुःख पिते, म्हणून काळी होते," आई म्हणाली. "यांना माझं दुःख शिवलं नाही. ही ओफेलियाच्या हारात पुढे ओव." मग तिने सगळ्यांत काळी तीन नाणी निवडून हेर्लिंडाच्या हातावर ठेवली. "ही तुला. माझं पिऊन सरावलीत, तुझंही पितील."

लिंबू डोळ्यात गेलं म्हणत हेर्लिंडा आत गेली. ती काळी नाणी तिने बोटं सोलवटेपर्यंत घासली आणि ओफेलियाच्या हारात पुढे तीच ओवली. निकेलची तीन स्वतःच्या गळ्यात बांधली. देणं फिटलं एकदाचं, असं तिला वाटलं.

लग्नाला बरेच महिने झाले होते. हेर्लिंडाची वेणी घालताना आईचं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. तिने नाणी उजेडाकडे वळवून पाहिली.

"अगं, मी दिलेली ही अजून पुन्हा काळी पडली नाहीत," ती हळूच म्हणाली. "म्हणजे एलिआसचं दुःख सरलं तुझं. मी देवाकडे तेवढंच मागत होते."

हेर्लिंडाने नाणी मुठीत झाकली.

"हो, आई," ती म्हणाली.